४,९९९ रुपयांचा अर्धा कच्चा गेम

रागातच लिहितोय. ४,९९९ रुपये. त्यातले १,००० प्री-ऑर्डरचे, म्हणजे आगाऊ बुकिंगचे, गेममधल्या एका फुकटच्या तलवारीसाठी. वर ५९८ चे डेटा पॅक. एकूण ५,५९७.

डे वन पॅच म्हणजे रिलीजच्याच दिवशी डाउनलोड करायला लावलेलं दुरुस्तीचं अपडेट. गेम 'गोल्ड' झाला, म्हणजे छपाईला तयार झाला म्हणायचं, डिस्क छापायला धाडायची आणि उरलेलं काम रिलीजपर्यंत उरकत बसायचं. पंगत बसल्यावर तांदूळ निवडायला घेतल्यासारखं. पण मी नऱ्ह्याला भाड्याच्या खोलीत राहतो, नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. डाउनलोड नको म्हणूनच तर डिस्क घेतली! कन्सोलमध्ये, म्हणजे गेमच्या मशीनमध्ये, घातली, तर अपडेट ७१ जीबी. न टाकता खेळून पाहिलं: घोडा मानेपर्यंत जमिनीत, वरचा सरदार हवेत बसलेला. पॅचनंतर घोडा वर आला आणि सेव्ह, म्हणजे खेळून साठवलेली प्रगती, उडायला लागलं.

पाल चुकचुकायला हवी होती ती दुकानातच. रिलीजचा दिवस उजाडला तरी एकही रिव्ह्यू नाही. बिल फाडताना पोरगा म्हणतो, "दादा, सील फोडलं की परत नाही हां." हे त्याने न विचारता का सांगावं? पण सीलबंद वस्तू पूर्ण असेल असं धरलं, यात माझं काय चुकलं? (डब्यामागे 'इंटरनेट आवश्यक' असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचा.)

दुकानदार म्हणे कंपनीला विचारा. कंपनी म्हणे कन्सोल बंद करून चालू करा. सरकारी तक्रारीच्या फॉर्ममध्ये मला गेम हा प्रकारच सापडला नाही. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "खेळणी निवडा." निवडलं. उत्तर आलं: बॅटरी बदलून पाहिली का? मग मेसेज, 'तक्रारीचे निराकरण झाले आहे.' कुणाचं झालं? चौकीत हवालदारसाहेब हसले, "गेमच ना? मग खेळा की!"

सायबरपंक २०७७ हा असाच बगांनी भरलेला गेम आठवतोय? १० डिसेंबर २०२० ला आला आणि दहा दिवसांच्या आत सोनीने आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, पैसेही परत दिले. आम्हाला कोण देणार? पीसीवाले सुखी: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलात तर रिफंड मिळतो. दोन तास म्हणजे दोनच, मेनूत रेंगाळू नका. बगचे, म्हणजे गेममधल्या चुकांचे, व्हिडिओ काढून ठेवा. प्री-ऑर्डर तर अजिबात नको, तलवार गेली खड्ड्यात.

शेवटी डिस्क विकायला काढली. जुने गेम घेणारा १,२०० म्हणाला. एवढे कमी का? "पुढच्या महिन्यात सेलमध्ये नवीच २,४९९ ला मिळेल, दादा. पॅचसकट."