अमळनेरचा दहा दिवसांचा कॅपिटल लेटरचा क्लास, आमचा अनुभव

मे महिन्यात माहेरी अमळनेरला होतो तेव्हा मुलीला एक क्लास लावला होता, शाळेतून रिटायर झालेल्या एक मॅडम घरीच घेतात, दहा दिवस, रोज दीड तास, फी 600 रुपये. विषय एकच, इंग्रजीत कॅपिटल कुठे येतं आणि कुठे नाही. ह्यांना पटलं नव्हतं, एवढ्याशा गोष्टीला दहा दिवस कशाला म्हणून, पण मी पोरीच्या वह्या बघितल्या होत्या. माय मदर लिहिलं की मदरचा एम कॅपिटल, टीचरचा टी कॅपिटल, डॉक्टरचा डी कॅपिटल, आणि तापी मात्र लहान टी ने. विचारलं तर म्हणे मम्मी, आई आणि टीचर मोठे असतात ना, नदी काय माणूस आहे का.

म्हणजे पोरीच्या डोक्यात कॅपिटल हा इंग्रजीतला मान होता. आणि तिचं तरी काय चुकलं, आपल्या लिपीत मोठा क लहान क असं काही नसतंच, आपल्याला मान द्यायचा असला की आपण जी लावतो, साहेब लावतो, आले गेले बसले म्हणतो. शाळेत नियम पाठ करून घेतले होते, वाक्याची सुरुवात, विशेषनाम आणि आय, ते तिला घडाघडा म्हणता येत होते, पण वहीत सगळं तसंच.

मॅडमनी पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं की चोराचं नाव लिहायचं असलं तरी कॅपिटलनेच लिहायचं, आणि डॉक्टर कितीही देवमाणूस असले तरी नुसतं "द डॉक्टर केम" लिहिताना डी लहानच. हे ऐकून पोरं जी जागी झाली ना! मग डॉक्टर पाटील लिहिलं की डी कॅपिटल का, तर तिथे तो शब्द नावाला चिकटला, नावाचाच भाग झाला. मदरचं तर त्यांनी फारच छान करून दाखवलं. त्या शब्दाच्या जागी आईचं खरं नाव टाकून बघायचं. "आय टोल्ड मदर" मध्ये मदरच्या जागी सुनंदा बसतं, मग एम कॅपिटल. "माय मदर" मध्ये सुनंदा टाक, माय सुनंदा असं तू म्हणशील का? नाही ना, मग एम लहान. अंकल, आंटी, ग्रँडफादर सगळ्यांना हेच. आमची आता जेवतानासुद्धा हे करून बघते.

सगळी उदाहरणं इथलीच घेतात हे मला सगळ्यात जास्त आवडलं. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तर त्यावरच एक पूर्ण दिवस गेला. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने, मग गुरुजीचा जी कॅपिटल का, कारण लोकांनी ते नावालाच जोडून टाकलं, पण "अवर गुरुजी" म्हटलं की लहान. प्रताप हायस्कूल लिहिताना एच आणि एस दोन्ही कॅपिटल, "माय हायस्कूल" मध्ये लहान. जळगावच्या विद्यापीठाचं पण तसंच, 1990 ला सुरू झालं तेव्हा नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी होतं, 2018 ला पुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी लागलं, त्यातला नॉर्थ नावात आहे म्हणून एन कॅपिटल, आणि सातपुडा जळगावच्या नॉर्थला आहे म्हणताना ती नुसती दिशा, एन लहान. मंगळ ग्रह मंदिर तर गावातल्या प्रत्येक पोराला माहीत, मंगळवारी किती गर्दी असते, तर मार्स कॅपिटल, ट्यूसडे कॅपिटल, पण सन आणि मून साध्या वाक्यात लहान. मे कॅपिटल पण समर लहान. मराठी, इंग्लिश, अहिराणी या भाषा म्हणून कॅपिटल आणि सायन्स, मॅथ्स लहान, हे मलाच माहीत नव्हतं खरं सांगते, आमच्या वेळी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची.

अजून एक गोष्ट त्यांनी पालकांना बोलावून सांगितली. पोरं जिथे बघतात तिथे सगळी अक्षरं कॅपिटल असतात, स्टेशनची पाटी, दुकानाचे बोर्ड, बँकेचा फॉर्म आपण भरतो तोही पूर्ण कॅपिटलमध्ये, आणि मोबाईलवर आपण मराठी इंग्रजी अक्षरात टाइप करतो ते सगळं लहान. मग पोराने शिकायचं कुठून? त्यामुळे त्या रोज घरी चार ओळी हाताने लिहायला लावायच्या, घरातल्या माणसांवर. माझी आई शेजारी बसून विचारायची, काय लिखी ऱ्हायनी वं, आणि ही तिला ग्रँडमदरचा जी समजावून सांगायची.

आता खटकलं ते पण सांगते. वेळ दुपारी तीनची आणि खोली पत्र्याची, मे महिन्यात आपल्या खान्देशात ते पोरांना सोसत नाही, सकाळी आठला ठेवायला पाहिजे. एका बॅचला बावीस पोरं होती, वह्या तपासायला मॅडमना वेळ पुरत नव्हता. झेरॉक्स फिकट, त्यात लहान एस आणि कॅपिटल एस ओळखू येत नव्हता, आणि नेमका विषय तोच आहे! पुस्तकांच्या नावांचा भाग शेवटच्या दिवशी घाईत उरकला, ऑफ, अँड, द हे मध्ये आले तर लहान आणि पहिला शब्द असेल तर कॅपिटल, एवढंच सांगून सोडलं. मुलीला ते अजून नीट जमत नाही. अर्जातल्या "डिअर सर" मधला सर कॅपिटल आणि "येस, सर" मधला लहान, यावर पण अजून एक दिवस हवा होता.

तरी मी पाचपैकी साडेचार देईन. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या निबंधात तिने तापी रिव्हर लिहिलं, टी आणि आर दोन्ही कॅपिटल, आणि पुढच्या ओळीत "द रिव्हर" लहान आर ने, कोणी न सांगता. ती वही मी माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

दिवाळीच्या सुट्टीत परत बॅच आहे, धाकट्याचं नाव आत्ताच देऊन ठेवलंय. ज्यांना पाठवायचंय त्यांनी पोरांची मागच्या वर्षीची इंग्रजीची वही सोबत द्या, मॅडम त्यातल्याच चुका काढून सुरुवात करतात.