सारंगखेड्याला दाखवलेली घोडी म्हसावदला आलीच नाही

डिसेंबर २०२४ मध्ये दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी पाहिली. रेवाल या संथ, हिसके न देणाऱ्या चालीने अशी जायची की वर बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळू नये. माझी मुलगी तिच्यापासून हलेना. तेवढ्यात एक जण जवळ आला, "भाऊ, घ्यायची नसेल तर फिरवून आणतो. म्हसावदहून तोरणमाळच्या डोंगरावर, तीन दिवस, यशवंत तलावाकाठी तंबू, जेवण, चार घोडी. ताईला हीच." बत्तीस हजार ठरले, निम्मे आगाऊ. सोळा हजार मी जागेवरच मोबाईलवरून पाठवले. ना पावती, ना कागद.

जानेवारीत जळगावहून पहाटे निघालो. शहादा तालुक्यातल्या म्हसावदला दोन तास वाट पाहिल्यावर पिकअप आली. घोडी तीनच. कुमैत "विकली गेली." एक तर सरळ वरातीची, आयाळीत अजून जरीचा धागा अडकलेला. सोबत एक कोवळा पोरगा, त्याला रस्ताही माहीत नव्हता. तरी आम्ही निघणारच होतो. एवढ्या लांब आलोय, आता परत कुठे जायचं, असं वाटतं ना, तिथंच माणूस अडकतो.

टपरीवरचे एक म्हातारे बाबा उठून आले. "भाऊ, घोडीनी पाठ दखी का?"

माझ्या वाट्याची घोडी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला की कान मागे पाडायची. मला वाटलं, नाठाळ आहे. बाबांनी खोगीर उतरवायला लावलं, खालची गोधडी उचलली. मानेच्या मुळाशी, खोगीर टेकतं तिथं, तळहाताएवढी जखम. हळद थापलेली, गोधडी तिला चिकटलेली. मग पुढचा पाय उचलून दाखवला. नालेचे दोन खिळे गायब, खूर कडेला फुटलेला. या पायावर तिने घाट चढायचा, आणि वर मी, चौऱ्याऐंशी किलोंचा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत असावं, असं जाणकार मानतात. ती घोडी तीनशे किलो तरी भरली असती का? मुलगी रडायला लागली, मलाही त्या घोडीकडे बघवेना.

पैसे घेतलेल्या त्या माणसाला फोन लावला. राखीव जंगलात मुक्काम करायचा तर वनविभागाची परवानगी लागते, ती कुठे आहे विचारलं. "ते बघू, आधी उरलेले टाका." त्यानंतर फोन बंद.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तर पहिला प्रश्न, लेखी काय आहे? माझ्याकडे घोडीचा फोटो आणि पैसे गेल्याचा मेसेज. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

यंदा यात्रेतून असा बेत कोणी ठरवत असाल तर बाजारात दाखवलेल्या घोड्यावर विसंबू नका. निघायच्या ठिकाणी जे जनावर येईल, त्याचं खोगीर स्वतः उतरवून पाठ बघा, चारही खूर उचलून बघा, मगच पैसे. घोड्याचा रंग, खुणा, मालकाचं नाव-गाव कागदावर घ्या, वनविभागाच्या परवानगीची प्रत आधी मागा. आणि म्हसावद-तोरणमाळ सहलीच्या नावाखाली तुमचेही आगाऊ पैसे गेले असतील, तर रक्कम लहान म्हणून सोडू नका, तक्रार द्या. माझा अर्ज आज एकटाच पडलाय.