‘बाळासाठी खाली गादी लावतो’ म्हणाला आणि 17,001 रुपये घेऊन गेला

सुट्टीत लहान मूल घेऊन कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे. पैसे तर गेलेच, पण ज्या पद्धतीने ते काढून घेतले ती पद्धत अजून चालू आहे, आणि तिची सुरुवात मुलाच्या नावाने होते.

नाताळच्या सुट्टीत रत्नागिरीला जायचं ठरलं. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून गेलं की दुपारच्या जेवणाला समुद्रावर. सोबत सासूबाई आणि साडेचार वर्षांची लेक, त्यामुळे लॉज नको, घरगुती निवास हवा होता. सासूबाईंना जिना चढवत नाही, लेकीला रात्री मऊ भात लागतो. नकाशाच्या ॲपवर भाट्याला, समुद्राजवळ एक कौलारू घर दिसलं. अंगण, झोपाळा, मागे सुरूची झाडं. खाली लोकांनी चांगलं लिहिलं होतं. तिथेच असलेल्या नंबरवर फोन लावला.

माणूस इतका आपुलकीने बोलला की काय सांगू. “ताई, बाळ केवढं आहे? दूध गायीचं लागतं का म्हशीचं? आमच्याकडे सकाळी सहाला ताजं येतं. तिच्यासाठी खाली वेगळी गादी लावून ठेवतो, झोपेत खाटेवरून पडायला नको.” आजींना कमोड लागेल का, हेही त्यानेच विचारलं. मी विचारायच्या आधी माझ्या मनातली प्रत्येक काळजी तो बोलून दाखवत होता. आता कळतं, की दर फोनला तेच प्रश्न विचारले जातात. लहान मूल असलेलं घर एकदा निवांत झालं की दुसरी जागा शोधत बसत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

सगळे मिळून 12,000 ठरले, निम्मे आगाऊ. आमच्या ह्यांनी 6,000 पाठवताना समोर भलतंच नाव आलं. “भाच्याचं खातं आहे, माझ्या फोनला यूपीआय नाही,” असं उत्तर आलं. थोड्या वेळाने परत फोन: “साहेब, सिस्टीमला एन्ट्री पडेना. 6,001 टाका, म्हणजे नाव चढतंय. आधीचे आपोआप परत येतील.” सुट्टीची गर्दी, आणखी दोन पार्ट्या लाइनवर आहेत, असंही वर सांगितलं. पैसे गेले, पाठोपाठ पावती आली. शिक्का, सही, जीएसटी क्रमांक, सगळं जागच्या जागी. ती पावती मी नंतर नीट पाहिली. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो आणि एकूण 15 अक्षरांचा असतो. त्यावरचा क्रमांक 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा. क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव कुणालाही फुकट बघता येतं.

निघालो त्या दिवशी घाटात लेकीला उलट्या झाल्या. साखरप्याला गाडी थांबवून मी तिचं तोंड धूत होते, सासूबाई आल्याचा तुकडा शोधत होत्या, तेवढ्यात त्याचा फोन. “चावी घेऊन माणूस निघालाय. घर समुद्रासमोर आहे, लहान मूल असलं की 5,000 सेफ्टी डिपॉझिट घ्यावं लागतं, निघताना हातात परत. आत्ता टाका, नाहीतर माणूस मागे फिरेल.” मुलगी मलूल, ऊन डोक्यावर. ह्यांनी तिथेच उभ्या उभ्या पाठवले. घाई करायला त्याने हीच वेळ साधली होती. किती वाजता निघणार, वाटेत कुठे थांबणार, हे सगळं त्याने आदल्या रात्री गप्पांत काढून घेतलं होतं.

भाट्याला पोचलो तर घर अगदी फोटोतलंच. तोच झोपाळा, तेच अंगण. फाटक उघडायला एक वयस्कर काकू आल्या, आणि आमच्या बॅगांकडे बघूनच त्यांचा चेहरा पडला. “तुम्हीपण फोनवर पैसे दिलेत काय?” आधी सांगलीचं एक कुटुंब असंच दारात येऊन उभं राहिलं होतं. घर खरं, फोटो खरे, लोकांनी लिहिलेलंही खरं. फक्त फोन नंबर कुणीतरी बदललेला. नकाशावरच्या अशा नोंदीत बदल सुचवण्याची सोय कुणालाही असते, आणि मालकाने नोंद आपल्या ताब्यात घेतलेली नसेल तर बदललेला नंबर तसाच राहून जातो. काकूंच्या खोल्या आधीच भरल्या होत्या. त्यांनी लेकीला कोकम सरबत दिलं, पडवीत आडवं केलं आणि शहरात ओळखीच्या घरी आमची सोय लावून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पडवीतूनच ह्यांनी त्या माणसाला फोन लावला. त्याने उचलला! “चूक झाली साहेब, पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” काकूंच्या मुलाने ह्यांचा हात धरला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. सांगलीवाल्यांचे शेवटचे पैसे याच क्यूआरने गेले होते.

तिथूनच 1930 ला फोन केला. ही सायबर फसवणुकीची देशभरची हेल्पलाइन आहे. ते व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), तारीख-वेळ, रक्कम आणि आपली बँक विचारतात. हे हाताशी ठेवूनच फोन लावा, कारण तक्रार जितकी लवकर तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमचे साखरप्याचे 5,000 त्या खात्यातच अडकले. आधीचे 12,001 तोवर दुसरीकडे वळते होऊन काढले गेले होते. नंतर cybercrime.gov.in या सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर सगळे स्क्रीनशॉट चढवले, आणि परत आल्यावर कोल्हापुरात सायबर पोलिसांना कागद नेऊन दिले. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँकेने भरून द्यावेत, अशी अपेक्षा मात्र धरू नका.

लेकीची सुट्टी आम्ही वाया जाऊ दिली नाही. मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा बघून ती घाट, उलट्या सगळं विसरली. पण रात्री तिला झोपवताना मला त्या माणसाचा आवाज आठवायचा आणि संताप यायचा. माझ्या पोरीच्या दुधाची चौकशी करत त्याने आम्हाला लुबाडलं.

आता आमच्या घरात घरगुती निवास ठरवायची रीत बदलली आहे. एकाच ठिकाणच्या नंबरवर विसंबायचं नाही, तोच नंबर आणखी कुठे छापलेला आहे का ते बघायचं. व्हिडिओ कॉलवर फाटकापासून रस्त्यापर्यंत चालत जाऊन दाखवा म्हणायचं. खरा मालक आनंदाने दाखवतो. पैसे भरताना दिसणारं नाव आणि बोलणारा माणूस यांचा मेळ बसला नाही तर तिथेच थांबायचं. cybercrime.gov.in वर संशयित नंबर आणि यूपीआय आयडी तपासायची सोय आहे, ती आधी वापरायची. एकदा आगाऊ दिल्यावर पोचायच्या आधी कुठल्याही कारणाने दुसऱ्यांदा पैसे मागितले की फोन ठेवायचा.

काकूंनी नोंद ताब्यात घेऊन नंबर दुरुस्त केला आहे. आम्हाला फोन करणारा नंबर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर संशयित फोन कळवायची ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे कळवला आहे. गणपतीपुळे, गुहागर, मालवण, तारकर्लीकडे तुमच्या ओळखीत कुणाचं घरगुती निवास असेल, तर त्यांना आजच फोन करून सांगा: नकाशावर आपल्या घरापुढे कुणाचा नंबर दिसतो, ते उघडून बघा.