जुना टीआय, नवा लॅपटॉप: विंडोज, लिनक्स की व्हर्च्युअलबॉक्स?

टीआय म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. फाइली देण्याघेण्यासाठी तो लॅपटॉपला जोडायचा, तर ऑपरेटिंग सिस्टीम नंतर ठरवा, आधी कॅल्क्युलेटरचं केबल लावायचं भोक बघा.

टीआय-८४ प्लस किंवा ८४ प्लस सीई या मॉडेलांना मिनी यूएसबी असते. तिथे फार विचार नको: विंडोज असो वा मॅक, टीआय कनेक्ट सीई हे कंपनीचं जोडणीचं सॉफ्टवेअर टाका, काम झालं. इंदूरच्या जेल रोडवरून केबल घेताना मात्र 'डेटावाली' असं बजावून मागा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर सीई चार्ज होतो पण संगणकाला दिसत नाही, आणि दोष उगाच ड्रायव्हरच्या माथी येतो. टीआय-८९ टायटॅनियमलाही यूएसबी आहे, पण सीई सॉफ्टवेअर त्याला विचारत नाही. त्याला जुनं टीआय कनेक्ट ४.० लागतं.

खरी कसरत टीआय-८३ प्लसची, म्हणजे सिल्व्हरलिंक केबलची: हिच्या एका टोकाला कॅल्क्युलेटरसाठी २.५ मिमी पिन, दुसऱ्याला यूएसबी. विंडोज ११वर टीआय कनेक्ट ४.० आधी टाका, केबल नंतर लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं, तर ड्रायव्हर तिथूनच अपडेट करून बघा. झाडिग या ड्रायव्हर बदलणाऱ्या प्रोग्रामचा मोह आवरा: मग टिल्प या टीआय कनेक्टच्या मुक्त पर्यायाला केबल दिसते, टीआय कनेक्टला दिसेनाशी होते. लॅपटॉप स्नॅपड्रॅगनचा, म्हणजे एआरएम प्रोसेसरचा असेल तर हा मार्ग सोडाच. तिथे जुने प्रोग्राम अनुकरणाने (इम्युलेशनने) चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत.

आमचा कौल लिनक्सला. उबुंटू या लिनक्सवर टिल्पचं टिल्प२ पॅकेज टाकलं की वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. केबल नाकारली तर अडचण बहुधा परवानगीची असते: यूडेव्ह नियम (कुठलं यूएसबी उपकरण कोणाला वापरता येईल ते ठरवणारी फाइल) बसलाय का पाहा, केबल काढून पुन्हा लावा. तरी जमेना तर टिल्पच्या 'चेंज डिव्हाइस'मध्ये सिल्व्हरलिंक, पोर्ट १ आणि मॉडेल हाताने निवडा. पिन शेवटपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली पिन हे सर्वांत सामान्य कारण आहे. कॅल्क्युलेटरवर नवी ओएस चढवायची तर त्यात चार ट्रिपल-ए सेल नवे घाला.

लिनक्स नकोच असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज ७, आणि यूएसबी फिल्टरमध्ये व्हेंडर ०४५१ हा टीआयचा क्रमांक. चालतं, पण एका फाइलसाठी एवढा पसारा कशाला? मॅकवर जुन्या ३२-बिट प्रोग्रामांचा दरवाजा २०१९च्या मॅकओएस कॅटलिनापासून बंद आहे, त्यामुळे जुनं टीआय कनेक्ट तिथे चालत नाही.

टीआयची जुनी काळी सिरियल केबल (यूएसबीच्या आधीच्या सिरियल पोर्टची) फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती पोर्टच्या तारा थेट हलवते, त्यामुळे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवर चालत नाही. राखाडी केबलमध्ये स्वतःची चिप असते, ती ९६०० बॉडच्या वेगाने कन्व्हर्टरमधूनही बोलते.