लंडनची वाट, वॉशिंग्टनची वाट

मुक्त बाजारपेठेचा विचार सत्तेपर्यंत न्यायचा कसा? लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्सने (स्थापना 1955) आणि वॉशिंग्टनच्या हेरिटेज फाउंडेशनने (स्थापना 1973), या धोरणविषयक अभ्यास करणाऱ्या दोन संस्थांनी, याची वेगवेगळी उत्तरं दिली.

लंडनच्या संस्थेचे संस्थापक अँटनी फिशर पुढे कुक्कुटपालनात श्रीमंत झाले. त्यांना राजकारणात उतरायचं होतं. अर्थतज्ज्ञ हायेक यांनी सल्ला दिला: तिकडे जाऊ नका, आधी विचारवंतांना पटवा. मग प्राध्यापक, पत्रकार, विद्यार्थी यांच्यासाठी पुस्तिका निघत राहिल्या. फळ दिसलं ते 1979 मध्ये मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्या मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्यावर. फिशर यांनी 1981 मध्ये ॲटलास ही संस्था काढून असंच जाळं देशोदेशी विणलं.

हेरिटेजला एवढा धीर नव्हता. खासदाराला मतदानाआधी घाईत वाचता येईल असं आटोपशीर टिपण, हे त्यांचं हत्यार. रोनाल्ड रेगन 1981 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा हजारावर पानांचा धोरण आराखडा तयारच होता. 2023 मध्ये पुढच्या रिपब्लिकन सरकारसाठी मांडलेला ‘प्रोजेक्ट 2025’चा आराखडा त्याच परंपरेतला, सोबत सरकारी पदांसाठी उमेदवारांची नोंदवहीसुद्धा.

मला लंडनची वाट जास्त प्रामाणिक वाटते, कारण छापील युक्तिवादाला कुणीही उत्तर देऊ शकतो. पण लंडनची संस्था देणगीदारांची संपूर्ण यादी जाहीर करत नाही, आणि ते मला अजिबात मान्य नाही. हेरिटेजने सत्तेच्या जवळिकीची वेगळी किंमत मोजली: 2023 च्या आराखड्यात मुक्त व्यापाराच्या बाजूने एक लेख आहे आणि त्याच्याच शेजारी ट्रम्प यांचे सल्लागार पीटर नवारो यांचा, आयातशुल्काची तरफदारी करणारा.