खांड बुजवावी की कांदळवन राखावं?

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतीत, बांधाला खांड (भगदाड) पडली की गावात पहिली चर्चा पैशाची होते. त्याआधी शिवारात उतरून कांदळाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची, रोपं आली आहेत का, ते बघावं. बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं.

खांड ताजी असेल, तर मी बांधाच्या बाजूचा. बांध शाबूत आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) नीट चालत असली, की पावसाचं गोडं पाणी मातीतला खार धुतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2, 3 हे भाताचे वाण थोडाफार खार सोसतात. पण पीक एकच, आणि बांधाला माती दरवर्षी लागते. पूर्वी शिवारातले सगळे मिळून ती घालत. आता कित्येक खातेदार नोकरीधंद्याला मुंबईत. म्हणून आधी चौकशी करा: 1979 च्या खार जमीन कायद्याखालच्या योजनेत आपला बांध बसतो का? खासगी असेल तर खर्च आपल्याच गळ्यात. जोडीला जिताडा माशाचं तळं असेल तर हिशेब जरा बरा जमतो.

खांड उघडीच राहिली, की भरतीबरोबर बी येतं आणि तिवरं माजतात. ती लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात, कोळंबी आणि चिंबोरीची (खेकड्याची) पिल्लं त्यांच्या आडोशाला वाढतात. गोम अशी, की फायदा खाडीत जाळं टाकणाऱ्याचा आणि जमीन जाते सातबाऱ्यावर नाव असलेल्याची. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा 2005 चा अंतरिम आदेश आणि 2018 चा निकाल, दोन्हींनी कांदळतोड बंद केली. जमीन खासगी असली तरी सूट नाही. भरतीचं पाणी अडवून झाडं वाळवू, ही पळवाटही धरू नका.

मग उरते 2017 ची कांदळवन उपजीविका योजना: चिंबोरीपालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा. गटाला 90 टक्के अनुदान, एकट्याला 75. गट करताना जमीन गेलेल्यांना त्यात घ्याच, नाहीतर रात्री तिवरांवर कोयते चालतात.

थोडक्यात, रोपं नसतील तर पावसाळा सरल्यावर भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, खांड बुजवा. रान माजलं असेल तर बांधाचा नाद सोडून गट नोंदवा. आणि बांध धरलात, तरी त्याच्या खाडीकडच्या अंगाची तिवरं राहू द्या. उधाणात बांधाची माती तीच वाचवतात.