श्वास रोखायला लावणारा तो व्हिडिओ

कोविड बरा होऊन चार महिने झाले तरी जिना चढताना मधेच थांबावं लागायचं. रात्री झोप लागता लागता छातीत धस्स व्हायचं. कितीही खोल श्वास घेतला तरी तो अपुराच वाटायचा. एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिमीटरवर ९७-९८. घरचे म्हणायचे, "सगळं नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नकोस."

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर मी हे लिहिलं आणि तासाभरात एका 'श्वसनतज्ज्ञा'चा फोन आला. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, तुमचा त्रास खरा आहे." मला रडू फुटलं. मी फसले ती तिथेच.

त्याने व्हिडिओ पाठवला. लाल ठिपका शेवटपर्यंत पोचेतो श्वास रोखायचा. मला जमलं नाही. "फुप्फुसांत विषाणूचा गाळ साचलाय," तो म्हणाला. श्वास किती वेळ रोखता येतो यावरून फुप्फुसांचा आजार कळत नाही, आणि घाबरलेल्या माणसाचा दम तर लवकरच तुटतो, हे मला फार उशिरा समजलं.

तीन महिन्यांच्या 'शुद्धीकरणा'चे पैसे आगाऊ घेतले. वर एक अट घातली: चिंतेसाठी चालू असलेली गोळी बंद करा, ती गाळ धरून ठेवते. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण या अटीसाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही. गोळी एकदम तोडल्यावर काही दिवसांतच चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, रात्र रात्र जागरण. त्याला कळवलं तर म्हणाला, "छान, विष बाहेर पडतंय," आणि पुढच्या टप्प्याचे पैसे मागितले. मी नोंदणी क्रमांक विचारताच ब्लॉक केलं.

मग मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. कोविडनंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या धाप-थकव्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच केलेली आहे, म्हणजे माझा त्रास खरोखरच खरा होता. भीतीने मी भरभर श्वास घ्यायचे, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून बोटांना मुंग्या यायच्या, आणि मुंग्यांनी भीती आणखी वाढायची. गोळी पुन्हा सुरू झाली. फिजिओथेरपिस्टने नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला शिकवलं. सुधारणा हळू आहे, पण आहे.

गेल्या आठवड्यात तोच लाल ठिपका दुसऱ्या नावाने दुसऱ्या ग्रुपवर दिसला. खाली एका बाईंनी विचारलं होतं, "मला जमलं नाही, आता काय करू?" मी लगेच त्यांना फोन लावला.